दुप्पट पावडर

माझ्या वर्षभराच्या पोराला चांगलं पाणी मिळालं ते शेजारच्या भावजींमुळे, हे आधी सांगते. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत ते बाटल्या धुवायचे. कुणाकडेही गेले की पाण्याचा पेला उजेडात धरून बघायचे, मगच प्यायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

त्र्याऐंशी साली आमच्या भांडुपच्या चाळीत कावीळ आली. गाव लांब, शिक्षण सातवी, विचारणार कुणाला? विहिरीचं पाणी कुजक्या पानांनी पिवळं झालेलं. भीतीने मी हंड्यात ब्लीचिंग पावडर दुप्पट टाकायला लागले.

दारावरून जाताना भावजींना वास आला.

"वहिनी, पानांची घाण आणि क्लोरीन एकत्र आले ना, की तिसरंच काहीतरी वाईट तयार होतं. आमचे साहेब सांगतात. लगेच काही होत नाही, पण वर्षानुवर्षं प्यायलं तर बाधतं."

मी घाबरून पावडरीची पुडी गटारात फेकली. तेव्हा मात्र हा हळू बोलणारा माणूस ओरडला.

"अहो, काविळीला आवतण देताय काय? पावडर हवीच! आधी घाण काढा, मग टाका, मापात."

घरून तुरटी आणि स्वतःची अर्धी पावडर घेऊन आले. पाण्यात तुरटी फिरवून गाळ खाली बसू दिला, मग धुतलेल्या पंच्याची चौपदरी घडी करून त्यांनी वरचं पाणी गाळून दाखवलं आणि शेवटी मापात पावडर टाकली. माझा हात बसेपर्यंत रोज कामावर जाण्याआधी येऊन उभे राहायचे.

त्यांच्या लेकीचं लग्न निघेल तेव्हा मांडवातलं सगळं पाणी मी भरणार. बोलावलं नाही तरी जाणार.