गुरुवारी येणारा आवाज

चाकणच्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. बंद पडलेली मशीन चालू करणं हे माझं काम आणि चालू मशीनला उगाच हात न लावणं हा माझा धर्म. त्यामुळे पुनावळ्याच्या आमच्या फ्लॅटमधला कॉम्प्युटर बिघडला की घरातला साहेब मीच. त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं मी; माझं, बायकोचं, मुलीचं आणि आईचं अशी चार खातीही केली मीच. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. गुप्त ठेव म्हणून बजावल्यावर आईने आपला मोठ्या अक्षरात लिहून देव्हाऱ्याशेजारी चिकटवला.

त्या दिवशी मला सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी घरीच होतो. अकरा वाजता बायकोचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. मुलगी झाल्यावर तिने नोकरी सोडली, त्याला दहा वर्षं झाली. आता घरी बसून ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचं काम मिळण्यासारखं होतं. म्हणजे सगळी मदार आवाजावर. साडेनऊला तिने आपलं खातं उघडलं आणि म्हणाली, "अहो, आवाज येत नाहीये."

मी बाह्या सरसावल्या. आधी स्पीकरच्या वायरी काढून, पुसून परत खोचल्या. मग सेटिंग उघडलं. तिथे स्पीकरचं नावच नव्हतं, "डमी आउटपुट", म्हणजे नावापुरता स्पीकर, एवढंच लिहिलेलं. माझ्या खात्यात जाऊन पाहिलं, तर स्पीकर ठणठणीत वाजत होता.

"माझ्याकडे येतोय, तुझ्याकडे येत नाही. म्हणजे घोळ तुझ्याकडे आहे," मी निकाल देऊन टाकला.

"रीस्टार्ट करून बघू या का?"

"आमच्यात कारण सापडल्याशिवाय मशीन बंद करत नाहीत."

हे खरंच आहे. आमच्या कंपनीत बिघाड झाला की एकामागोमाग पाच वेळा 'का' विचारायचं असतं, मग मूळ कारण सापडतं. मी घरातही तेच सुरू केलं. आवाज का येत नाही? स्पीकर का दिसत नाही? काल कोणी काय दाबलं आणि का दाबलं? तिसऱ्या 'का'ला बायको उठून साडी नेसायला निघून गेली. उरलेले दोन 'का' मी आईवर खर्च केले.

आई मूळची बीडकडची. ती शेंगा सोलत म्हणाली, "गुरवारी येतोय की आवाज. लाइट जाऊन आली की भजन कसं खणखणीत वाजतंय. माझा उपास असतो ना."

मी मोठ्यांदा हसलो. म्हटलं, वा, आता देवाला मेंटेनन्सला घेऊ! पण हसता हसताच थांबलो. आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते ती गुरुवारीच. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद, आणि सगळ्यांची खातीही बंद. मग एरवी कोणाचं खातं बंद होत नाही?

माझं. कंपनीत शिफ्ट सुटताना आम्ही मशीन बंद करत नाही, चालू मशीन पुढच्याच्या हवाली करतो. त्या सवयीने घरीही मी फक्त स्क्रीनला कुलूप लावून उठायचो. आत माझं खातं तसंच चालू. खरं तर तेवढ्याने बिघडायला नको होतं, कारण समोर जो बसेल त्याच्याकडे लिनक्स आवाज आपोआप सोपवतं. पण सुरुवातीला आवाजाने त्रास दिला तेव्हा इंटरनेटवर कुठेतरी वाचून मी माझं नाव "ऑडिओ" नावाच्या गटात घालून ठेवलं होतं. त्या गटातला माणूस समोर असो वा नसो, त्याचं चालू खातं आवाज धरून बसतं आणि दुसऱ्याला मिळू देत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मुकाट्याने माझं नाव त्या गटातून काढलं, माझं खातं बंद केलं. अकराला दहा मिनिटं कमी होती. बायकोने आपलं खातं उघडलं तर यादीत स्पीकर हजर. "सापडलं कारण?" तिने विचारलं. "हो, थोडा टेक्निकल इश्यू होता," मी म्हणालो आणि चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात सटकलो.

इंटरव्ह्यू बाहेरपर्यंत ऐकू येत होता. ती छान बोलत होती. इतकी ठाम, इतकी गोड, की मला अभिमान वाटला. स्पीकरमधल्या मॅडमनी विचारलं, "याआधी कुठे प्रयत्न केला होता का?"

"तीन ठिकाणी," बायको म्हणाली. मी गॅस बारीक केला. मला एकही माहीत नव्हतं. "ते इंटरव्ह्यू मी गच्चीच्या जिन्यात बसून मोबाइलवरून दिले. रेंज जायची, मग समोरचे फोन ठेवून द्यायचे. घरात कॉम्प्युटर आहे, पण माझ्या खात्यावर आवाज येत नव्हता."

तिचं झाल्यावर मी विचारलं, "आवाज येत नाही हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. रागाने नाही, तेच जास्त लागलं. "तुम्ही म्हणालात, तुझ्या मोबाइलवर ऐक की."

आठवड्याने तिला नोकरी लागली. आईने पेढे वाटले. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "किती पटकन मिळाली हो!" मी हो म्हणणार होतो, पण त्याऐवजी त्यांच्यापुढे आणखी एक पेढा धरला.