मालनबाईचं अँथुरियम

परळीत अंगणात पांढरी चादर वाळत घातली तर संध्याकाळपर्यंत तिच्यावर थर्मल वीजकेंद्राची राख बसते. म्हणून मालनबाई रोज सकाळी ओलं फडकं घेऊन अँथुरियमचं एकेक पान पुसायची. लेक आम्रपालीनं पुण्याहून आणलेलं ते झाड वरच्या मजल्याच्या गॅलरीत, उन्हाची तिरीप लागणार नाही अशा कोपऱ्यात होतं. कुंडीत माती थोडी, नारळाच्या शेंड्या आणि कोळशाचे तुकडेच जास्त. पाणी चार दिवसांतून एकदा, तेही बोट खुपसून बघितल्यावर. लालभडक, मेण चोपडल्यासारखी फुलं दीड-दीड महिना टिकायची.

मालनबाईनं तीस वर्षं धारूरच्या डोंगरातल्या गावांत नर्स म्हणून काढली होती. अडलेल्या बाळंतिणी सोडवल्या आणि त्याच घरांत कान तुटलेल्या, वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा प्याली. नोकरी होती, गिळत गेली. रिटायर झाली त्या दिवशी तिनं ठरवलं, आता गिळायचं नाही.

खालच्या मजल्यावर वच्छलाबाई राहायची. तिचं तुळशीवृंदावन नेमकं गॅलरीखाली. एका सकाळी कुंडीतलं जास्तीचं पाणी खाली ठिबकलं आणि वच्छलाबाई अंगणात येऊन ओरडली, "ओ बाई! तुमच्या घरचं पाणी आमच्या तुळशीवर पडायलंय!"

"झाडाचं पाणी हाय. त्यानं काय हुतंय?"

"झाडाचं असू द्या न्हाईतर कशाचं. कुणाच्याबी घरचं पाणी देवाला चालत न्हाई."

कुणाच्याबी. मालनबाईच्या कानशिलात गरम झालं. एवढा एक शब्द तिला पुरला.

दुसऱ्या दिवशी तिनं बोट खुपसून बघितलं नाही. तांब्याभर पाणी ओतलं, वर आणखी एक. खाली थेंब पडायला लागले तशी ती कठड्याला रेलून वच्छलाबाईची आदळआपट ऐकत राहिली. बरं वाटलं. मग रोजचंच झालं. वच्छलाबाईनं तुळशीवर पत्रा टाकला, तर मालनबाई पत्रा वाजेस्तोवर ओतायची.

"कावून एवढं पाणी घालतीस?" नवरा ज्ञानोबा म्हणाला.

"तुमी गप बसा."

तीन आठवड्यांत पानं पिवळी पडली, देठांनी माना टाकल्या. मालनबाईनं क्षणात ठरवलं, हे इख आहे, वच्छलाबाईनं घातलेलं विष. तरातरा जिना उतरून तिनं खालचं दार बडवलं.

"माझ्या झाडात काय वतलं?"

"मी कशाला वतू? तुमच्या जिन्याची एक पायरी तरी चढलेय का मी?"

"न्हाईच चढणार. बाटाल ना!"

शेजारच्या बाया गोळा झाल्या. वच्छलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेलं तर मेलं. बरं झालं!"

मालनबाई वर आली ती पुरावा काढायलाच. तपासायला द्यायचं म्हणून तिनं कुंडी पालथी केली. मुळं काळी, लिबलिबीत, हात लावला की साल निघून येत होती. तिनं नाकाशी धरली. ना फिनेलचा वास, ना कसल्या औषधाचा. नुसता कुजका, साचलेल्या पाण्याचा. ती तशीच फरशीवर बसली. ज्ञानोबा दारात उभा होता. त्यानं कठड्यावरचा तांब्या उचलून आत नेऊन ठेवला, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

कात्री उकळत्या पाण्यात बुडवून तिनं सडकं सगळं कापलं. दोन पांढरी मुळं उरली. ती नव्या शेंड्यांत लावली आणि कुंडीखाली खडी भरलेलं ताट ठेवलं. वच्छलाबाईसाठी नव्हे, झाडासाठी.

आठ दिवसांनी फाटकासमोर थांबलेल्या भाजीच्या गाड्यापाशी वच्छलाबाईनं चारचौघींत विचारलं, "सापडलं का इख?"

"इख न्हवतं," मालनबाई म्हणाली. "पाणी जास्त झालं. मीच घातलं, तुमच्यावरच्या रागानं."

वच्छलाबाई हसली.

"पण तुमी आमच्या घरच्या पाण्याला जे बोलल्या, ते मी इसरले न्हाई. आता ह्या सगळ्यांम्होरं एकदा बोला."

हसू विरलं. बाया भेंड्या निवडत खाली बघायला लागल्या.

"मी तसलं काय बोललेच न्हाई," असं म्हणत वच्छलाबाई पिशवी तिथंच टाकून आत गेली. दार धाडकन लागलं.

माफी कुणीच मागितली नाही. झाडाला दिवाळीत एक पान फुटलं, फूल अजून नाही. दोघी आजही फाटकात समोरासमोर येतात, तेव्हा कुणीच बाजूला होत नाही.