चौथ्या लादीवरचा 'अरेच्चा'

दहिसरच्या आमच्या शाळेत मी चौथीला शिकवते. खरं सांगायचं तर शिकवते कमी, नाटक जास्त करते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगताना मी टेबलाभोवती फिरते, पदर खुर्चीच्या खिळ्यात अडकेपर्यंत. त्यामुळे मोठ्या बाईंनी जेव्हा सांगितलं की यंदाचा नमुना पाठ मी घ्यायचाय, तेव्हा मला एखादी भूमिका मिळाल्यासारखं झालं. नमुना पाठ म्हणजे आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक आणि शिक्षण खात्याचे साहेब मागच्या बाकांवर बसणार आणि त्यांच्यासमोर आपण तास घ्यायचा. रंगमंच, प्रेक्षक, सगळं तयार!

विषय घेतला घर्षण. सामान अगदी साधं. जुन्या बाकाची एक फळी, तिच्या एका टोकाखाली वह्यांचा गठ्ठा, म्हणजे झाला उतार. खाली जमिनीवर गोणपाट. आणि स्टेशनजवळच्या बाजारातून आणलेला एक प्लास्टिकचा डंपर. डंपर उतारावरून सोडला की कुरकुरत खाली यायचा आणि गोणपाटावर चौथ्या लादीइतक्या अंतरावर थांबायचा. गोणपाट काढलं की नवव्या लादीपर्यंत जायचा. मग मी कपाळावर हात मारून म्हणणार, "अरेच्चा! असं का बरं झालं?" आणि मुलं सांगणार, "बाई, गोणपाट खरबरीत आहे, म्हणून गाडी लवकर थांबली!"

इथेच माझी चूक झाली. गॅदरिंगचा नाच बसवतात तसा मी हा तास बसवला. चार दिवस रोज तालीम.

"मी अरेच्चा म्हटलं की तुम्हाला आश्चर्य वाटलं पाहिजे," मी बजावलं.

पहिल्या बाकावरच्या मुलाला डंपर सोडायच्या आधीच आश्चर्य वाटायचं. त्याला सांगावं लागलं, "अरे बाबा, जरा धीर धर, आधी गाडी तर सुटू दे."

अडचण होती ती फक्त एका मुलीची. तिचे वडील बोरिवलीच्या टॉवरांमधल्या लिफ्ट दुरुस्त करतात. तिला 'पण' म्हटल्याशिवाय घास उतरत नाही. वर्गात सगळ्यात आधी हात तिचा, आणि तो मला मनापासून आवडायचा. पण पहिल्या तालमीला तिने विचारलं, "बाई, पण गाडी गोणपाटामुळे थांबते की चाकं कुरकुरतात म्हणून?"

मी म्हटलं, "नंतर हं." दुसऱ्या दिवशी तिने तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. त्या दिवशी मोठ्या बाई दारात घड्याळ बघत उभ्या होत्या, आणि मी फटकन बोलून गेले, "तो प्रश्न पाठात नाहीये!"

मुलगी खाली बसली. चौथ्या दिवशी तिने हातच वर केला नाही. इतरांबरोबर सुरात म्हणाली, "गोणपाट खरबरीत आहे." तालीम झकास झाली. घरी जाताना मात्र तो न उठलेला हात माझ्याबरोबर रिक्षात बसून आला. अठ्ठावीस वर्षं मी मुलांना सांगत आले, विचारा रे, विचारा! आणि साहेब येणार म्हणून त्यातल्या विचारणारीलाच गप्प केलं. ती पुन्हा हात वर करेल का, एवढीच धाकधूक मला लागली. पाठाची काळजी त्यामानाने काहीच नव्हती. पाठ तर पाठच होता.

तो दिवस उजाडला. मी मोरपिशी साडी नेसले. आमच्या शाळेच्या मावशींनी वर्ग असा काही पुसला होता की लादीत बघून कुंकू लावून घ्यावं. साहेब मागे, भिंतीशी, खुर्चीवर. मी प्रस्तावना केली, हातवारे केले, डंपर उतारावर ठेवला आणि सोडला.

डंपर कुरकुरला नाही. काहीच आवाज न करता तो उतारावरून आला, गोणपाटावर चढला, चौथी लादी ओलांडली, सहावी ओलांडली, गोणपाट संपलं तरी निघालाच, आणि थेट साहेबांच्या बुटावर जाऊन आदळला.

मी अवाक्. खरोखरची अवाक्. तोंडातून आपोआप निघालं, "अरेच्चा!"

झालं! संवाद मिळाला म्हटल्यावर वर्ग एका सुरात गरजला, "बाई, गोणपाट खरबरीत आहे, म्हणून गाडी लवकर थांबली!"

साहेबांनी एकदा बुटाकडे पाहिलं, एकदा वर्गाकडे. मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. मोठ्या बाई मला डोळ्यांनी सांगत होत्या, पुढे चला, पुढे चला. पुढे जाता आलं असतं. 'शाब्बास' म्हणून मी गोणपाट गुंडाळलंही असतं.

तेवढ्यात मला तो हात दिसला. तिसऱ्या बाकावर, खांद्यापर्यंत वर आलेला. आणि माझ्या देखत तिने तो दुसऱ्या हाताने धरून खाली ओढला.

"बोल गं," मी म्हटलं.

ती उभी राहिली. "नको बाई. ते पाठात नाहीये."

माझी चार दिवसांची तालीम सगळ्यांसमोर उघडी पडली. वाट लागली म्हणतात ती हीच.

"नसू दे," मी म्हटलं. "पाठ मी लिहिलाय, मीच फाडते. बोल."

"बाई, गाडी थांबलीच नाही. आणि आज कुरकुरली पण नाही." ती धावत साहेबांच्या पायाशी गेली, डंपर उचलला, चाकाला बोट लावून नाकाशी नेलं. "खोबरेल!"

सगळ्या वर्गाने तो डंपर हुंगला. साहेबांनीही हुंगला. दाराशी झाडू धरून उभ्या असलेल्या मावशी तोंडाला पदर लावून आत आल्या. मावशी मालवणच्या, आणि शाळेत त्यांना घाबरत नाही असं कुणी नाही.

"मियां लावलंय," त्या बोटाचं पेर दाखवत म्हणाल्या. "वायंच. ह्यां चेडू रोज इचारी, चाकां कुरकुरतत म्हणान गाडी थांबता काय? तुमकां येळ नाय. म्हटलंय, आपण घालून बघूया."

"पप्पा पण तेच म्हणतात," मुलगी म्हणाली. "लिफ्ट कुरकुरली की आधी तेल, मग बाकीचं. पण बाई, मग गोणपाटाचं काय?"

आता साहेबच उठले. गुडघे धरत जमिनीवर बसले आणि म्हणाले, "गोणपाट काढा बघू. पुन्हा सोडा." गोणपाट काढल्यावर डंपर दारातून बाहेर व्हरांड्यात गेला. मुलं त्याच्या मागे, साहेब मुलांच्या मागे. कुणी चाकाला माती लावली, कुणी डंपरात खडू भरले. पुस्तकातलं एकही वाक्य कुणी म्हटलं नाही. खिचडी निवून गेली तरी कुणी आत येईना.

शेरेबुकात साहेबांनी लिहिलं, 'पाठ नियोजनाप्रमाणे झाला नाही.' मोठ्या बाई दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. मी मात्र त्या दिवशी रिक्षात एकटीच हसत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी नकाशाचा तास होता. मी मुंबईचा नकाशा टांगला आणि म्हटलं, "हे बघा, आपलं दहिसर सगळ्यात वर."

तिसऱ्या बाकावरून हात आला. ताठ, कानाला चिकटलेला.

"बाई, पण नकाशा उलटा टांगला तर दहिसर खाली येईल?"

मी तोंड उघडलं, आणि व्हरांड्यातला झाडूचा आवाज थांबला. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, उत्तर ऐकायला.

मी खुर्चीवर चढले आणि नकाशा खिळ्यावरून काढला.