राखेनं घासलेले कॅन

आमच्या पेडगावच्या आत्याच्या हातून कोणतीही वस्तू कधी कचऱ्यात गेली नाही. कपाशीवर फवारायच्या औषधाचा कॅन रिकामा झाला रे झाला, की आत्या तो बांधावरून उचलायची, राखेनं खसाखसा घासायची, उन्हात वाळवायची आणि त्यात पाणी, गोडेतेल, शेंगदाणे, जे असेल ते भरायची. वर पाहुण्याच्या नाकाशी कॅन धरून विचारायची, "वास येतो का? बघ बरं!" येतो म्हणायची पाहुण्याची काय बिशाद!

मी शाळेत विज्ञान शिकवते. आत्याच्या लेखी त्याला काही किंमत नव्हती. "अगं आत्या, त्यावर कवटीचं चित्र आहे," म्हटलं की ती म्हणायची, "चित्रच हाय ना? घासलं की निघतंय." आणि खरंच, तिच्या हाताखालून गेलेल्या कॅनवर कवटी शिल्लक राहत नसे.

माझ्या लग्नात तिनं सासरच्या माणसांदेखत मला दोन कॅन आहेर केले. पांढरेशुभ्र, घट्ट झाकणाचे. मी लाजेनं अर्धी झाले. पण जिंतूरला आमच्या गल्लीत नळ कधी येईल त्याचा नेम नाही, आणि कॅन भलतेच सोयीचे निघाले. विज्ञानाच्या बाई दोन वर्षं त्यातलंच पाणी प्यायल्या. आता सांगताना तोंड लपवावंसं वाटतं, पण प्यायले.

पुढे मला दिवस गेले आणि तपासणीत थायरॉईड निघालं. डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कॅनचं बाहेर आलं. त्या म्हणाल्या, "तुमचं कशानं बिघडलं ते मला सांगता येणार नाही, कारणं पुष्कळ असतात. पण फवारणीची काही औषधं थायरॉईडच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. असला डबा कितीही घासा, पाण्याला नको." मला रोज उपाशीपोटी गोळी सुरू झाली. बाळ झालं की त्याचंही रक्त तपासायचं ठरलं.

हे मी आत्याला फोनवर सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी आत्या पहार घेऊन गावात निघाली. तिनं वाटलेला कॅन नाही असं घर पेडगावात शोधावं लागलं असतं. बाया चिडल्या. "दिलेलं मागं घेतीस व्हय गं?" "मागं कुटं घ्यायले? भोक पाडायले," म्हणत आत्या पहार हाणायची. शेजारचे तात्या गयावया करायला लागले, "अगं, हा पेयाचा न्हाई, परसाकडचा हाय!" आत्यानं त्यालाही भोक पाडलं. तात्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळीवरून गावात अजून हसतात. मग ती जिंतूरला आली, माझे दोन्ही कॅन सासूबाईंसमोर फोडले आणि चहासुद्धा न घेता गेली.

मला मुलगी झाली. आत्या पहिल्या एसटीनं दवाखान्यात आली. एरवी कुणाचंही लेकरू आईच्या मांडीवरून ओढून घेणारी ही बाई दोन हात लांब उभी राहिली.

"घे ना तिला."

"न्हाई. रक्ताचा कागद येऊ दे आदी."

"अगं, डॉक्टर म्हणाल्या ना, कशानं झालं ते सांगता येत नाही."

"त्यान्ला येत नसंल. कॅन मी दिले व्हते."

मी रागावले, समजावलं, हात जोडले. काही उपयोग नाही. चार दिवस तिनं माझं धुणं धुतलं, मला शेपूची भाजी बळंबळं भरवली, रात्र रात्र खाटेशी बसून राहिली. लेकराला बोट लावलं नाही. माझा जीव तुटत होता.

पाचव्या दिवशी कागद आला. सगळं व्यवस्थित होतं. मी वाचून दाखवलं, तर माझ्यावर विश्वास नाही. नर्सबाईंकडून पुन्हा वाचून घेतला. मग तिनं हात पुढे केले. मी तिला खाली बसवून लेकरू तिच्या मांडीवर ठेवलं. आत्या अशी हमसून रडली की दचकून पोरीनंही भोकाड पसरलं. मी घ्यायला गेले, तर आत्यानं मला कोपरानं मागे सारलं.

"रडू दे गं तिला," ती नाक पुसत म्हणाली, "आयकू दे मला."