पाकिटात न मावलेली बाजरी

राहू गावच्या एसटीने एक म्हातारी दर रविवारी दौंडला आमच्या चर्चमध्ये यायची. दळायला बाजरी काढताना पहिली मूठ ती देवासाठी बाजूला ठेवायची. आठवड्याची अशी बाजरी पिशवीतून आणून वेदीजवळच्या पत्र्याच्या डब्यात ओतायची, तीही हळूहळू, आवाज होऊ नये म्हणून. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसायची.

वर्षअखेरची दानमोहीम कमिटीने माझ्याकडे दिली. घरटी नाव छापलेलं पाकीट आणि नाताळाआधी देणाऱ्यांच्या नावांचं वाचन, अशी योजना मी आखली. डबाही मीच हलवला.

त्या रविवारी ती पिशवी घेऊन डबा शोधत उभी राहिली. तिच्या नावाचं पाकीट नव्हतंच. मी कोरं पाकीट पुढे केलं. "मावशी, आता धान्य नको. यातून द्या."

तिने ते उलटसुलट पाहिलं. "यात बाजरी किती मावंल, दादा?"

कमिटीतले हसले. मीही हसलो. "अहो, नोटा घालायच्या त्यात."

"नोटा ल्योकाकडं असत्यात. माझ्या हातात मूठच हाय," ती म्हणाली आणि पिशवीचं तोंड बांधून निघाली.

चूक मला तिथेच कळली होती. पण चारचौघांत कमीपणा नको म्हणून मी पुढच्या घराचं पाकीट उचललं.

ती पुन्हा आली नाही. डबा मी जागेवर आणून ठेवला, आणि एकदा राहूच्या एसटीच्या कंडक्टरला तिच्याबद्दल विचारलं.

"नाव काय मावशींचं?" तो म्हणाला.

इतकी वर्षं तिची बाजरी घेतली, पण नाव मी कधी विचारलंच नव्हतं.