तुऱ्याची चकली

आमच्या सासूबाईंना नदीकाठची अख्खी मांजर्ली वस्ती वेणूबाई म्हणते आणि जरा घाबरूनच म्हणते. भांडकुदळ नाहीत त्या. पण जीभ अशी, की समोरच्याने आपली चूक आधीच कबूल करून मोकळं व्हावं. मी लग्न होऊन शहाडहून इथे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. नदीचं पाणी चढायला लागलं, की आधी धान्याचे डबे माळ्यावर टाकायचे. आणि चकलीच्या सोऱ्याला हात लावायचा नाही.

सोऱ्या तसा साधाच, पितळेचा. आतली चकती मात्र बाजारातली नव्हती. माझे सासरे भगवंत अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी बायकोसाठी पितळेची चकती घडवून आणली. मधलं चांदणीचं भोक कापताना एक खाच चुकून जास्त खोल गेली. बाबा ती चकती भंगारात टाकायला निघाले होते, पण आईंनी म्हटलं, आधी पाडून तर बघू. तर काय, प्रत्येक चकलीला बाकीच्या काट्यांपेक्षा उंच असा एक कंगोरा आला, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. आईंना तो तुरा इतका आवडला, की त्यांनी बाबांना दुसरी चकती करू दिली नाही. वर शब्दही घेतला, की अशी चकती दुसऱ्या कोणाला करून द्यायची नाही. बाबा म्हणाले, "नाय गो." बाबा आयुष्यभर आईंशी 'हो' आणि 'नाय गो' एवढ्यावरच भागवत आले. त्यांचा संसार सुखाचा झाला त्याचं हेच कारण असावं.

दरवर्षी भाजणी आईंची आणि सोऱ्या फिरवायचा बाबांनी. पहिली चकली बाबांच्या हातावर पडायची. ते फुंकर मारून ती खायचे आणि म्हणायचे, "मीठ बरोबर हाय." आई म्हणायच्या, "कोणी विचारलंय?" माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण मी या संवादात एका शब्दाचा फरक पडलेला ऐकला नाही.

आळीतल्या बायांचा त्या चकतीवर डोळा होताच. पण मागायची सोय नव्हती. एकदा इंदुबाईंनी धीर करून विचारलं, तर आई म्हणाल्या, "सोऱ्या न् नवरा मी उसना देत नाय." इंदुबाई समोरच्या घरातल्या. त्या दिवशी जे घरी गेल्या, ते पुन्हा म्हणून चकलीचा विषय त्यांनी काढला नाही.

मग दोन हजार पाचचा पूर आला. उल्हास नदी आमच्या दारातून आत आली आणि खिडकीपर्यंत चढली. माणसं वाचली, भांडीकुंडी गेली. आई माळ्यावर बसल्या होत्या, मांडीवर सोऱ्या घेऊन. बाकीच्या घरांतले सोऱ्ये, झारे, कढया कुठे गेल्या ते नदीलाच ठाऊक.

त्या दिवाळीपासून एक नवल घडायला लागलं. शेजारून फराळाचे डबे यायचे, त्यात लाडू असायचे, करंज्या असायच्या, शंकरपाळे असायचे, पण चकली नसायची. एकाही डब्यात नसायची. आईंनी पहिल्या वर्षी ते हेरलं, दुसऱ्या वर्षी मोजून पाहिलं आणि तिसऱ्या वर्षी निकाल देऊन टाकला. "बायांना अक्कल आली बघ. सूर्यापुढं काजवा कशाला न्यायचा?" आईंचं हे बोलणं ऐकून बाबा पेपर तोंडासमोर धरायचे. आता कळतंय, का ते.

दोन हजार आठच्या आषाढात बाबा गेले. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले, कोणाला त्रास न देता. आई फार रडल्या नाहीत. पण दुपारचा चहा दोन कपांत ओतायची सवय मात्र त्यांची सुटेना. दुसरा कप मी पिऊन टाकायचे.

दिवाळी आली. आमच्याकडे रीत अशी, की घरात माणूस गेलं तर वर्षभर सण नाही, तळण नाही. कढई चढवायचीच नाही. फराळ शेजारीपाजारी आणून देतात. आणि ही रीत आमच्या आळीत सगळ्यांत कडक कोणी पाळली असेल, तर आईंनी. इंदुबाईंच्या सासूबाई वारल्या, त्या दिवाळीला इंदुबाईंनी पोरांसाठी म्हणून थोडे शंकरपाळे तळायला घेतले होते. आई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "कढई चढली वाटतं?" इंदुबाईंनी मळलेलं पीठ तसंच कुत्र्याला घातलं.

आता वेळ आईंवर आली होती. रोज त्या फळीवरचा सोऱ्या काढायच्या, पुसायच्या आणि परत ठेवायच्या. एका दुपारी मला म्हणाल्या, "पयली चकली त्यांची असायची. यंदा फोटोपुढं काय ठेवू गो?"

मी म्हटलं, "आई, दार लावून घेऊ. चारच पाडू. कोणाला कळतंय?"

"वास काय दार लावल्यानं राहतो? न् मी इंदूला बोलले होते, त्याचं काय?"

देव रागावला असता तर आईंनी ते निस्तरलं असतं. पण इंदुबाईंपुढे खाली बघायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. आमचे हे, म्हणजे दिपेश, उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंगला आहेत. त्यांनी तिथल्या दुकानातून चकलीचं पाकीट आणलं. आईंनी ते फोडलं, एक चकली उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हिला तुरा नाय. हे त्यांना कसं देऊ?" पाकीट आम्ही दोघांनी संपवलं.

नरकचतुर्दशीला सकाळी सकाळी इंदुबाई आल्या. डबा ओट्यावर ठेवला, "येते वेणूताई," म्हणाल्या आणि चहाला न थांबता जवळजवळ पळाल्याच. माझी पाच वर्षांची जिज्ञासा डबा उघडण्यात पटाईत. तिने झाकण काढलं आणि ओरडली, "आजी, आजोबांची चकली!"

आई म्हणाल्या, "गप ग." मग त्यांनी ती चकली हातात घेतली. उजेडाकडे धरली. बोट फिरवलं. तुरा होता.

मी काही बोलायच्या आत दुसरा डबा आला. त्यात तुऱ्याची चकली. मग तिसरा. त्यातही तीच. प्रत्येक बाईने विचार केला असणार, की दुःखाच्या घरी चकलीशिवाय फराळ पाठवायचा कसा? वेणूबाईंच्या घरी यंदा ती होणार नाही, मग आपल्याकडेही तशी चकती आहे हे कळलं तर कळलं. डबा ठेवून जी ती पळत होती. आई पाटावर तशाच बसल्या होत्या, पुढ्यात तीन डबे. चेहरा लाल झाला होता आणि मला पुढचं दिसायला लागलं होतं.

चौथा डबा घेऊन पुतळाबाई आल्या. शेवटच्या खोलीतल्या पुतळाबाई बौद्ध. त्यांच्याकडे दिवाळी नसते, त्यांचा फराळ चौदा एप्रिलला. आईंना न घाबरणारी आळीतली बाई ती एकच. त्या ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्यात काय दिवाळी नाय. पण तुमच्याकडे तळण नाय म्हणून काल बसले करायला."

आईंनी त्यांचाही डबा उघडला. "पुतळा, ही चकती कुठून आणलीस?"

"भगवंतभाऊंनी दिली. पुरात आमचे सोऱ्ये गेले ना, तेव्हा. आम्ही चौघीजणी त्यांच्याकडे गेलो, तुमच्याकडे यायची बाकीच्यांची हिंमत नव्हती. दुपारच्या सुट्टीत बनवून दिल्या त्यांनी. फक्त म्हणाले, वेणूला कळलं तर मला घरात घेणार नाय. म्हणून मग तुम्हाला चकली पाठवायचं आम्ही बंद केलं."

"तीन वर्षं!" आई म्हणाल्या. "माझ्या नाकाखाली! मी समजले, बायांना अक्कल आली."

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे तर सगळी आळीच डोळे मिटून बसली होती. मला हसू येत होतं आणि ते दाबायचं कुठे ते कळत नव्हतं.

आईंनी पुन्हा विचारलं, हळू आवाजात. "पण ही खाच? ती तर चुकली होती त्यांची. तुम्हाला चांगली करून द्यायची."

"मी बोलले ना तेच," पुतळाबाई म्हणाल्या. "भाऊ, आम्हाला साधी चालेल. तर म्हणाले, घरी तुऱ्याचीच खाल्ली आजवर. मला दुसरी येत नाय."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मला त्या वेळी बाबांची फार आठवण आली, पेपराआडचा त्यांचा चेहरा आठवला.

मग आई उठल्या. ताटली घेतली. प्रत्येक डब्यातली एक एक चकली काढून तिच्यात ठेवली. इंदुबाईंची चाखून म्हणाल्या, "मोहन कमी पडलंय." पुतळाबाईंची चाखली आणि काहीच म्हणाल्या नाहीत, म्हणजे चांगली होती. ताटली बाबांच्या फोटोपुढे ठेवली, दिवा लावला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मना बोललात, अशी एकच हाय," त्या फोटोला म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "आता बसा, सगल्यांच्या खा. न् मीठ कोणाचं बरोबर हाय, ते सांगा."