यकृत बदलून मिळतं म्हणे

आमच्या थोरल्या काकांइतका पोकळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते भोरच्या कोर्टात कारकून होते, एवढ्यावर घरातली सगळी अक्कल त्यांच्याकडे जमा होती. १९७० च्या सुमारास पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांना यकृताचा कॅन्सर असल्याचं सांगितलं, तेही काकांनाच, बाजूला घेऊन. एसटी कापूरहोळला पोचेपर्यंत काकांनी त्याची कावीळ करून टाकली. मी नर्सिंग शिकत होते, म्हणून मला तेवढं त्यांनी खरं सांगितलं.

"पेशंटच्या कानावर जाता कामा न्हाई," काका म्हणाले. "हाय खायचा तो."

मग काविळीचे सगळे सोपस्कार झाले. कावीळ उतरवणारा एक बुवा चुन्याच्या पाण्यात वडिलांचे हात चोळायचा आणि पाणी पिवळं झालं की आई हात जोडायची. तो लबाड तळहाताला आंब्याच्या सालीचा रस लावून यायचा. काका शेजारी उभे राहून मान डोलवायचे.

त्यातच काकांनी पेपरात वाचलं की परदेशात मेलेल्या माणसाचं यकृत काढून दुसऱ्याला बसवतात. कॅन्सरच्या पेशंटलासुद्धा. खाली लिहिलं होतं की त्यातले बरेच पेशंट लवकर दगावतात, कॅन्सर पुन्हा उगवतो. ते वाचण्याचे कष्ट कोण घेणार? काकांनी ओट्यावर बसून चार लोकांत सांगून टाकलं, "वेळ आली तर माझं यकृत देतो भावाला." उचलली जीभ लावली टाळ्याला.

ती बातमी मी वडिलांना सबंध वाचून दाखवली होती, कॅन्सरचं तेवढं गाळून. ते अंथरुणावरून म्हणाले, "दादा, त्यासाठी तुमाला आदी मरावं लागंल." काका त्यानंतर दोन दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

वडिलांच्या जिवाला एकच गोष्ट लागली होती. वेल्ह्याला दिलेल्या बहिणीनं जमिनीत वाटा मागितला, तेव्हा त्यांनी तिला दारातून परत पाठवलं होतं. आठ वर्षं बोलणं नव्हतं. "बरा झालो की जातो," ते म्हणायचे. "असलं पिवळं त्वांड घिऊन तिच्या दारात कुठं जाऊ?"

एकदा त्यांनी मला विचारलं, "तू शिकतीस. ह्ये जाईल न्हवं?"

"जाईल," मी म्हणाले. "नाहीच गेलं तर आता यकृत बदलतात."

काकांची ती बाष्कळ बातमी मीही वापरली. वडील त्या आठवड्यात पोटभर जेवले आणि वेल्ह्याचा विषय पुढं ढकलला.

आत्या आली तेव्हा वडिलांना अंगणात तिरडीवर ठेवलं होतं. तिनं त्यांचे पाय धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मग विचारलं, "मला आदी कुणी का कळवलं न्हाई?"

"अचानक झालं गं," काका म्हणाले.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू दवाखान्यातली. तुला तरी ठावं हुतं का?"

"नाही," मी म्हणाले.